मागच्या सीटवरचं बाळ आणि त्याच्यासमोरचा आरसा

बाळासाठी कार घेतली, किंवा होती त्या कारमध्ये बाळाची सोय करायची ठरवली, की खरेदीच्या यादीत हल्ली एक छोटा बहिर्गोल आरसा हमखास असतो. मागच्या सीटच्या हेडरेस्टला तो पट्ट्यांनी बांधायचा. चालवणाऱ्यानं वर पाहिलं की समोरच्या आरशात मागचा आरसा दिसतो आणि त्यात बाळाचा चेहरा. काही शे रुपयांची वस्तू. पुण्याहून केडगावला, म्हणजे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनच्या, पुणे-दौंड लोहमार्गावरच्या केडगावला, बाळंतपणानंतर लेकीला न्यायला येणाऱ्या गाड्यांत तो आता दिसू लागला आहे. तो सुरक्षित आहे का, हा प्रश्न आईबाप विचारतात आणि तो विचारायलाच हवा. उत्तर द्यायचं तर आरसा नेमकं काय करतो, त्याची पायरीपायरीनं उकल करावी लागेल.

पहिली पायरी अशी की बाळ उलटं बसतं. तान्ह्या बाळाची कार सीट गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून लावतात. नवजात बाळाचं डोकं त्याच्या उंचीच्या जवळपास चौथा हिस्सा असतं. मोठ्या माणसाचं आठवा. मानेच्या मणक्यांचा बराचसा भाग अजून कूर्चेचा असतो. गाडी समोरून आदळली की सगळं पुढे झेपावतं. बाळाचं तोंड पुढे असेल तर पट्टे धड धरून ठेवतात आणि डोकं मानेवर ओढ देत पुढे जातं. पाठ पुढे असेल तर डोकं, मान, पाठ ही सगळी एकत्र सीटच्या पाठीत दाबली जातात आणि धक्का पसरून जातो. युरोपच्या आर 129 नियमात 15 महिन्यांच्या आधी मुलाला पुढे तोंड करून बसवताच येत नाही. बालरोगतज्ज्ञ तर म्हणतात, सीटच्या मर्यादेत बसतंय तोवर उलटंच ठेवा.

उलट बसवलेल्या बाळाचा चेहरा चालवणाऱ्याला दिसत नाही. आरशाची गरज तिथे निर्माण होते. अमेरिकेत 1990 च्या दशकात पुढच्या सीटच्या एअरबॅगमुळे तान्ही मुलं दगावली, तेव्हा मुलांना मागे हलवा असं तिथल्या यंत्रणांनी सांगितलं आणि बाळं आईबापांच्या नजरेआड गेली. आपल्याकडे पुढच्या दोन्ही सीटच्या एअरबॅग 2021 साली सक्तीच्या झाल्या. तरी चौफुला-केडगाव रस्त्यावर उभं राहून पाहिलं तर पुढच्या सीटवर आई आणि तिच्या मांडीवर बाळ, हे दृश्य आजही सर्रास दिसतं. बाळ आणि एअरबॅग यांच्यामध्ये तेव्हा काहीच नसतं, आणि फुगणाऱ्या पिशवीचा वेग तर अपघाताच्या धक्क्याहूनही भयानक.

मांडीचा हिशेब एकदा मांडून पाहण्याजोगा आहे. गाडी ताशी 50 किलोमीटरनं चालली आहे आणि धडकेत एक दशांश सेकंदात थांबली. 50 म्हणजे सेकंदाला जवळजवळ 14 मीटर. तो वेग दशांश सेकंदात शून्य करायचा म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या चौदा पट धक्का. 5 किलोचं बाळ त्या क्षणी 70 किलोच्या जोरानं हातातून सुटू पाहतं. जगातली कोणतीही आई ते धरून ठेवू शकत नाही. प्रेम कमी पडतं म्हणून नव्हे, स्नायूंना तेवढी ताकदच नसते म्हणून. त्यामुळे ज्या घरात आरसा आला आहे आणि कार सीट आलेली नाही, त्या घरानं खरेदीचा क्रम उलटा केला आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 साली झालेल्या दुरुस्तीनं कलम 194 बी आलं. त्यात 14 वर्षांखालच्या मुलाला पट्ट्यानं किंवा बाल-आसनानं बांधलेलं नसेल तर 1,000 रुपये दंड आहे. आरशाबद्दल कायदा काही म्हणत नाही, आणि बाळाच्या सीटला जशा आपल्याकडच्या एआयएस 072 किंवा युरोपच्या आर 44 आणि आर 129 या चाचण्या लागू आहेत, तशी आरशाला कोणतीही सक्तीची चाचणी नाही. खोक्यावर 'क्रॅश टेस्टेड' छापलेलं असलं तर ते कंपनीचं स्वतःचं म्हणणं समजायचं. कित्येक कार सीटच्या माहितीपुस्तिकेत तर आम्ही न दिलेली कोणतीही जोडवस्तू लावू नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं. ती पुस्तिका खोक्यातच राहून जाते. ती बाहेर काढून वाचावी.

(इथे एक गोष्ट बाजूला सांगून टाकतो, कारण केडगाव-पारगाव-न्हावरा पट्ट्यात कारपेक्षा दुचाकीवरून जाणारी बाळंच जास्त. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी चालवणाऱ्याला बांधणारा हार्नेस, मुलाच्या मापाचं हेल्मेट आणि वेग ताशी 40 च्या आत, हा केंद्रीय नियम फेब्रुवारी 2022 मध्ये अधिसूचित झाला आणि एका वर्षानं लागू झाला. त्याची माहिती फार थोड्या घरांत पोहोचली आहे.)

आता आरशाकडे येऊ. त्याचे धोके दोन आणि ते अगदी वेगळ्या जातीचे आहेत. एक, अपघात झाला तर आरशाचं काय होतं. दुसरा, आरशामुळे अपघात होऊ शकतो का. लोक पहिल्याची चिंता करतात. मला दुसरा मोठा वाटतो, पण आधी पहिलाच पाहू.

आरसा मागच्या सीटच्या पाठीला बांधलेला, बाळ त्याच्याकडे तोंड करून, मधलं अंतर हात-दीड हात. गाडी समोरून आदळली की मोकळ्या वस्तू पुढे जातात. आरशाच्या पुढे कोण आहे? बाळाचा चेहरा. म्हणजे पट्टा सुटला तर आरशाची वाट थेट तिकडेच जाते, आणि ही गोष्ट रचनेतच आहे. समजा आरसा 300 ग्रॅमचा. बाल-आसनाच्या समोरच्या धडकेच्या चाचणीत 50 च्या वेगाला धक्का ऐन क्षणी गुरुत्वाच्या 20 ते 28 पट जातो (मघाचे चौदा पट ही सरासरी होती). पंचवीस पट धरला तर 300 ग्रॅमचा आरसा साडेसात किलोच्या जोरानं पट्ट्याला ओढतो. म्हणजे आरसा बांधून झाल्यावर जवळजवळ भरलेली पाण्याची आठ लिटरची बादली उचलायला जेवढा जोर लागतो, तेवढा जोर लावून तो आपल्याकडे खेचून पाहायचा. निसटला, सरकला, बिजागरीतून निखळला, तर तो त्या गाडीत नको. ही घरगुती तपासणी म्हणजे प्रयोगशाळा नव्हे, धक्का झटक्यानं येतो आणि हात सावकाश ओढतो, पण जो आरसा हातानं निघतो तो धडकेत राहणार नाही एवढं तरी तीतून कळतं.

निसटतो कुठून? बहुतेक आरशांना दोन पट्टे असतात, एक आडवा, एक उभा. हेडरेस्ट वरखाली होणारं असेल तर दोन्ही पट्टे त्याला अधिकच्या चिन्हासारखे बसतात आणि घट्ट धरतात. पण आपल्याकडच्या अनेक छोट्या गाड्यांत मागचं हेडरेस्ट वेगळं नसतंच. सीटची पाठच वर उंचावून डोक्यासाठी जागा केलेली असते. तिथे आडव्या पट्ट्याला अडकायला खाच मिळत नाही. लोक उभा पट्टा वरून टाकतात आणि आडवा तसाच लोंबत ठेवतात. मग आरसा खड्ड्यागणिक डावीकडे-उजवीकडे सरकतो, आठवड्याभरात सैल होतो. अशा गाडीत सीटची पाठ खाली पाडून पट्टा पाठीला पूर्ण वेढा घालून आणता येत असेल तरच आरसा लावावा. मागच्या काचेला रबरी चकतीनं चिकटवायचा आरसा तर घेऊच नये. एप्रिलमध्ये उन्हात उभ्या केलेल्या गाडीची मागची काच हात लावू देत नाही. त्या उष्णतेत रबर मऊ पडतं, चकतीतली हवा फुगते आणि आरसा चालत्या गाडीत आपोआप गळून पडतो. त्याला अपघात लागत नाही.

मागून धडक बसली किंवा समोरच्या धडकेनंतर गाडीनं उसळी घेतली, तर उलटी सीट मागच्या बाजूला, म्हणजे सीटच्या पाठीकडे उठते. आरसा खाली लोंबत असेल तर बाळाचं तोंडच त्याच्यावर जाऊ शकतं. म्हणून आरसा वर, हेडरेस्टच्या उंचीवर हवा. काच नकोच. चांगले आरसे ॲक्रिलिकचे असतात, पण ॲक्रिलिकसुद्धा तुटलं तर धारदार तुकडे होतात. कडा कापडानं किंवा फोमनं मढवलेल्या, मागे कडक प्लॅस्टिकची फ्रेम नाही, खेळणी लटकवलेली नाहीत, दिवे नाहीत, बॅटरी नाही, असा हलका आरसा बरा. बॅटरीचा दिवा असलेला आरसा रात्री बाळ दिसावं म्हणून विकतात. त्याचा उजेड समोरच्या काचेत पडून चालवणाऱ्याला अंधारात कमी दिसतं.

ऊन धरून आग लागेल का, हेही काही जण विचारतात. बहिर्गोल आरसा किरणं एकत्र आणत नाही, पसरवतो. ती भीती नको. त्रास होतो तो चकाकीचा. संध्याकाळी चौफुल्याहून पुण्याकडे निघालं की मावळता सूर्य समोरच्या काचेतून आत येतो, मागच्या आरशावर पडतो, तिथून चालवणाऱ्याच्या आरशात आणि तिथून डोळ्यांत. न्हावऱ्याकडच्या दुभाजक नसलेल्या रस्त्यावर रात्री समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे हाच खेळ करतात. आरसा थोडा खाली कलता केला तर हे बरंचसं टळतं. नाहीच टळलं तर अंधार पडल्यावर त्याच्यावर फडकं टाकून ठेवायचं. रात्री त्यात तसंही काही दिसत नाही.

आता दुसरा धोका, नजरेचा.

केडगावहून चौफुल्याकडे येताना गळिताचा हंगाम सुरू असला की उसाचे ट्रॅक्टर लागतात. मागे दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागचा दिवा उसाखाली झाकलेला, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं माखलेला. ट्रॅक्टरचा वेग ताशी 20. आपण 60 नं चाललो आहोत. मागे बाळ गप्प झालं, म्हणून आपण वर आरशात पाहिलं. आरशात दुसरा आरसा शोधला, त्यात नखाएवढा चेहरा शोधला, डोळे मिटलेले आहेत की उघडे हे नीट दिसेना म्हणून आणखी क्षणभर पाहिलं. दोन सेकंद गेले. 60 च्या वेगाला दोन सेकंदांत गाडी 33 मीटर पुढे गेलेली असते, आणि आपल्यातलं आणि ट्रॉलीतलं अंतर 22 मीटरनं कमी झालेलं असतं. नजर रस्त्यावर परत आल्यावर डोळ्यांना पुन्हा लांबचं पाहायला वेळ लागतो, मग मेंदूला, मग पायाला. अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा यंत्रणेनं 2006 साली प्रसिद्ध केलेल्या, शंभर गाड्यांत कॅमेरे बसवून केलेल्या अभ्यासात दिसलं, की दोन सेकंदांहून जास्त काळ रस्त्यावरून नजर हटली की अपघाताची किंवा थोडक्यात वाचण्याच्या प्रसंगाची शक्यता किमान दुप्पट होते.

मुलांच्या बाबतीतला अभ्यास ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाचा आहे. लहान मुलं असलेल्या 12 कुटुंबांच्या गाड्यांत कॅमेरे बसवले. सरासरी 16 मिनिटांच्या प्रवासात आईबापांची नजर 3 मिनिटं 22 सेकंद रस्त्यावर नव्हती. त्यांचं लक्ष विचलित होण्याचे सर्वांत जास्त प्रसंग हे मागे वळून मुलाकडे पाहण्याचे किंवा आरशातून पाहण्याचे होते, चारातले तीन. मोबाइलपेक्षा मुलांनी कितीतरी पटीनं लक्ष वेधलं. मोबाइलबद्दल आपल्याला अपराधी वाटतं म्हणून आपण तो चोरून पाहतो. मुलाकडे पाहणं मात्र कर्तव्यच वाटतं, म्हणून ते बिनदिक्कत आणि लांबवून होतं.

आरशाच्या बाजूनं जे बोलतात त्यांचा मुद्दा खोटा नाही. आरसा नसेल तर बाप मागे वळून पाहील, आणि वळणं हे आरशात पाहण्याहून वाईट. मान वळली की खांदा वळतो, खांदा वळला की स्टिअरिंग वळतं. खरं आहे. पण आरसा लावल्यानं पाहण्याची संख्या वाढते, हेही तितकंच खरं. जे दिसू शकतं ते पाहावंसं वाटतं. डॅशबोर्डवर पडदा लावून मागे कॅमेरा बसवायची नवी पद्धत आली आहे, तिच्यात चित्र मोठं आणि हलतं असतं, त्यामुळे ओढही मोठी.

आणि त्या एका नजरेत आपण नेमकं काय पाहू शकतो? बाळाबद्दलची खरी भीती श्वासाची असते. अगदी लहान बाळ झोपलं की मान पुढे पडून हनुवटी छातीला टेकू शकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. बहिर्गोल आरशात, हलत्या गाडीतून, एका सेकंदात छातीची हालचाल दिसत नाही. गाडीचीच थरथर तिच्यापेक्षा जास्त असते. आरसा तिथे खात्री देत नाही, खात्रीचा भास देतो. श्वासाची काळजी निघण्याआधीच घ्यायची असते. नवजात बाळाची सीट साधारण 45 अंशांनी मागे कललेली हवी. बहुतेक सीटच्या बाजूला त्यासाठी खूण किंवा पाण्याच्या बुडबुड्याची पट्टी असते, आणि ती गाडी सपाट जागी उभी करून पाहायची. अंगणाचा उतार असेल तर ती चुकीचं सांगते. पट्टे खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित खालून आलेले, कॉलरबोनजवळ चिमटीत पट्टा सापडणार नाही इतके घट्ट. थंडीत आजीनं विणलेला जाड स्वेटर, त्यावर दुपटं, त्यावर पट्टा, असं करू नये. स्वेटर धडकेत दबतो आणि पट्टा ढिला पडतो. आधी पट्टा, मग वरून दुपटं. दिवस भरण्याआधी जन्मलेलं किंवा वजनानं कमी असलेलं बाळ असेल तर बसत्या सीटमधला प्रवास त्याला झेपेल का, हे बालरोगतज्ज्ञांना विचारूनच निघावं. एरवीही सलग दोन तासांच्या वर बाळाला सीटमध्ये ठेवू नये, आणि पहिल्या काही आठवड्यांत तर अर्ध्या तासातच थांबून उचलून घ्यावं. केडगाव ते हडपसर ही वाट रहदारीत दीड तास घेते. यवतला थांबा घ्या. महामार्गाच्या कडेच्या पांढऱ्या रेषेबाहेर नव्हे, पेट्रोल पंपाच्या किंवा हॉटेलच्या आवारात, गाडी बंद करून.

रडणाऱ्या बाळाबद्दलही एक गोष्ट मनात पक्की असलेली बरी. रडणारं बाळ श्वास घेत असतं. त्याच्या रडण्यानं चालवणाऱ्याचा जीव कासावीस होतो, पण पुढचा सुरक्षित थांबा येईपर्यंत रडल्यानं बाळाचं काही बिघडत नाही. वळून पाहिल्यानं मात्र दोघांचंही बिघडू शकतं.

शक्य असेल तेव्हा उत्तम सोय म्हणजे मागे बाळाशेजारी बसलेलं माणूस. आपल्याकडे तर ती सहज होते. लेक सासरी निघाली की बरोबर आजी नाहीतर मावशी असतेच. त्यांना पुढची मानाची जागा देण्याऐवजी मागे बसवा. त्या बाळाची हनुवटी पाहतील, ओठांचा रंग पाहतील, कोमट हात लावून बघतील, आणि चालवणाऱ्याला मागे पाहायची गरजच उरणार नाही. फक्त आजींनाही पट्टा लावायला हवा. मागे बसलेलं बिनपट्ट्याचं मोठं माणूस धडकेत बाळावरच कोसळतं. 4 सप्टेंबर 2022 ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. त्यानंतर काही दिवस मागच्या पट्ट्याची चर्चा झाली. आजींना पोटावरून पट्टा नको वाटतो. तो पोटावरून नव्हे, कमरेच्या हाडांवरून जायला हवा, हे एकदा लावून दाखवलं की त्यांची कुरबुर थांबते.

एवढं सगळं झाल्यावरही आरसा हवा असेल, कारण कधी कधी आई एकटीच बाळाला घेऊन निघते आणि तिला दुसरं माणूस मिळत नाही, तर तो लावायची रीत अशी. बाळाची सीट मधोमध, तिथे तीन बिंदूंचा पट्टा किंवा आयसोफिक्स, म्हणजे सीट थेट गाडीला अडकवायची सोय, असेल तर. मध्यात फक्त कमरेचा पट्टा असेल तर डावीकडे, कारण आपण रस्त्याच्या डाव्या अंगाला थांबतो आणि बाळाला रहदारीच्या विरुद्ध बाजूनं उतरवता येतं. चालवणाऱ्यानं आपल्या जागेवर बसून समोरचा आरसा आधी मागच्या काचेवर नीट लावायचा, रोज लावतो तसा. मग दुसऱ्या कुणीतरी मागे जाऊन बाळाचा आरसा कलता करत न्यायचा, जोवर चालवणाऱ्याला समोरच्या आरशाच्या खालच्या कोपऱ्यात चेहरा दिसत नाही. बाळ दिसावं म्हणून समोरचा आरसा वळवावा लागत असेल तर ते चुकलं. मागून येणारा कंटेनर दिसेनासा करून बाळ पाहणं हा वाईट सौदा आहे. आरसा मागच्या काचेचा भाग झाकत असेल तरीही चुकलं. पट्टे दर पंधरवड्याला ओढून पाहायचे. आणि नजर टाकायची ती गाडी थांबलेली असताना: सिग्नलला, टोलनाक्यावर, रेल्वे फाटकाशी. गाडी चालू असताना आरसा नाहीच असं समजायचं.

आरशाच्या जाहिरातीत कधी कधी बाळ गाडीत विसरण्याचा उल्लेख असतो. बाळं मागे गेली आणि दृष्टीआड झाली, तसं अमेरिकेत बंद गाडीत उष्णतेनं मुलं दगावण्याचं प्रमाण वाढलं. 1998 पासून तिथे वर्षाला सरासरी 37 च्या आसपास मुलं अशी जातात. बाहेर 35 अंश असताना बंद गाडी अर्ध्या तासात 50 च्या वर जाते, आणि काच बोटभर उघडी ठेवल्यानं फारसा फरक पडत नाही. दौंड तालुक्यात मे महिन्यात बाहेरच 40 असतं. आरसा इथे मदत करत नाही, कारण झोपलेलं बाळ आरशातही झोपलेलंच असतं आणि आरसा हाक मारत नाही. आपली पर्स किंवा मोबाइल बाळाच्या सीटशेजारी मागे ठेवायची सवय जास्त कामाची. उतरल्यावर मागचं दार उघडावंच लागतं. आणि उसाच्या काट्यावर दोन मिनिटांचं काम आहे म्हणून झोपलेल्या बाळाला गाडीत ठेवून उतरू नये. काट्यावर दोन मिनिटांत काम होत नाही, हे या भागात सगळ्यांना माहीत आहे.

मूल सीटच्या मापापलीकडे वाढलं आणि पुढे तोंड करून बसायला लागलं की हेडरेस्टवरच्या आरशाचं काम संपलं. त्याचा चेहरा आता समोरच्या आरशात थेट दिसतो. तरी पुष्कळ गाड्यांत तो आरसा मुलाच्या डोक्यामागे वर्षानुवर्षं तसाच बांधलेला राहतो, पट्टे उन्हानं विटलेले, अर्धे सैल. मुलाची सीट फिरवायची त्याच दिवशी तो सोडून काढायचा, आणि दुसऱ्या कुणाला द्यायचा झाला तर पट्टे आणि बिजागरी ओढून पाहूनच द्यायचा.